मान कुणी वाकवली

कंदील तिच्या हातातून सुटला तो थेट पुलाच्या फळ्यांवर जाऊन आपटला. आपटला म्हणजे टॅबच्या काचेत आपटला. कंदील खरा नव्हता, पूल खरा नव्हता, आणि कंदील देणारी ती लाल स्कार्फवाली बाहुली म्हणजे ती स्वतः नव्हती, एवढं तिला कळत होतं. ती काही खुळी नव्हती. पण समोर उभी असलेली पिवळी टोपी म्हणजे धाकटी होती, आणि धाकटी खरी होती. तिकडे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या एका खिडकीशी, तिची सख्खी धाकटी बहीण याच घटकेला अशीच मांडीवर टॅब घेऊन बसली होती. रोज काहीही दिलं की पिवळी टोपी दोन्ही हात पुढे करायची, वस्तू छातीशी धरायची आणि मान खाली वाकवायची. आज हात पुढे आले नाहीत. मान वाकली नाही. कंदील तिच्या पायाशी पडला, गडगडत कठड्यापर्यंत गेला आणि विझला. पिवळी टोपी त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिली, मग पाठ फिरवून पुलावरून आपल्या काठाला चालती झाली.

समोरच्या इमारतीत कुणीतरी सकाळपासून भिंतीला भोकं पाडत होतं. तो घरघराट खिडकीच्या काचेतून तिच्या दातांत उतरला. तिचे कान तापले. असा अपमान! तोही कंदिलाचा! त्या कंदिलासाठी तिने किती दुपारी त्या बेटावर वाळू गोळा केली होती, भट्टी लावली होती, काच ओतली होती. का, तर धाकटीच्या बाजूचा काठ अंधारा दिसायचा. तिथे उजेड असावा असं हिला वाटलं होतं. हिला. स्वतःहून. जन्मात कुणाच्या दारात वाकली नाही ती बाई उजेड घेऊन पुलावर उभी राहिली, आणि त्या बयेने तो पायाशी पाडून दाखवला. टॅब तिने सोफ्यावर पालथा टाकला, तोंड लपवायला लावावं तसा. मग उठून स्वयंपाकघरात गेली, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. नळाचं पाणी गार होतं, हात मात्र गरम. 'हिला सवयच आहे,' ती भांड्याला म्हणाली. 'दिलेलं खाली टाकायची हिला जुनीच सवय आहे.'

जुनी म्हणजे आईच्या शिलाई मशीनपासूनची. आई गेल्यावर मशीन कुणाकडे, असा प्रश्न आला तेव्हा थोरली म्हणून ते हिचंच होतं. पण हिने मोठ्या मनाने धाकटीला दिलं. माणूस लावून तिच्या घरी पोचतं केलं. आणि थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी खाली टेम्पो थांबला. हिने खिडकीतून पाहिलं. हमालाने मशीन उतरवलं, जिन्याखाली ठेवलं आणि दार आपटून टेम्पोत बसला. वर कुणी आलं नाही. दोन शब्द नाहीत. काळ्या अंगावरची सोनेरी वेल जिन्याच्या दिव्याखाली चमकत होती, पाय-पट्टी वाऱ्याने की कशाने थोडी हलत होती, जणू कुणीतरी आत्ताच त्यावरून पाय काढला आहे. ती खिडकीत उभी राहिली. टेम्पोही बराच वेळ उभा राहिला, मग गेला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मधल्या काळात घरातली माणसं म्हातारी झाली, मुलांना मुलं झाली, धाकटीचा नवरा गेला. त्या वेळीही ही भेटायला गेली नाही. निघाली होती. चपला पायात घातल्या होत्या. पण धाकटीने स्वतः फोन केला नव्हता, मुलाकडून कळवलं होतं. मग चपला काढून ठेवल्या. ते चपला काढणं अजूनही कधी कधी तिच्या तळपायांना आठवायचं, थंड फरशी लागल्यासारखं.

बेटाची भानगड आणली ती सुनेने. सून गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आतल्या खोलीत दार लावून, कानाला ते मोठे हेडफोन, हिच्या भाषेत कानवाले, लावून दिवसभर कुणाकुणाशी बोलत असते. तिने एकदा जुना टॅब हातात दिला आणि म्हणाली, "आई, जरा खेळून बघा ना. तुमच्या वयाच्या माणसांना जमतं का ते आम्हाला बघायचंय." "म्हणजे मी प्रयोगाचा उंदीर," ही म्हणाली. "उंदीर नाही, परीक्षक," सून म्हणाली. परीक्षक हा शब्द हिला आवडला. सारा जन्म तिने कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढला होता; शिवलेला सदरा उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, टाका सुटलेला दिसला की माघारी टाकायचा. तेव्हा घेतला टॅब. बेटावर पुष्कळ माणसं होती, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली; कुणी मेंढ्या राखत होतं, कुणी होड्या बांधत होतं, कुणी नुसतं उड्या मारत होतं. बोलायला टाइप करावं लागे. ती वाचायची ते बोट ठेवून, टाइप करणं तर तिच्या बापजन्मी जमलं नसतं, म्हणून ती आपली मुकाट्याने काम करायची. मग एक दिवस शेजारच्या काठावर पिवळी टोपी आली. आली तशी कुंपण घालायला बसली. कुंपणाचं फाटक तिने डाव्या अंगाला ठेवलं. झाडं लावली ती ओळीने नाही, एक पुढे एक मागे, आईने दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. हिने पाणी ओतता ओतता हात थांबवला. डावखुरी. एक पुढे एक मागे. जगात एवढ्या कोट्यवधी बाया असतील, पण अशी झाडं लावणारी एकच. "ही माझ्या शेजारी कशी आली गं?" तिने सुनेला खडसावून विचारलं. सून नुसती हसली. धाकटीच्या मुलाचं आणि सुनेचं काहीतरी संगनमत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

रागवायला हवं होतं. ती रागावलीही, दोनेक दिवस. पण तिसऱ्या दिवशी पिवळी टोपी फाटकातून बाहेर आली आणि हिच्यासमोर टोपली धरून उभी राहिली. सफरचंदांची. हिने घेतली. मग हिने लोकर दिली, तिने दोन्ही हातांनी घेतली आणि मान वाकवली. धाकटीने मान वाकवली! ती मान हिला माहीत होती. लहानपणी वेणी घालताना ताठ धरायची, ओढलं तरी वाकवायची नाही, आई म्हणायची हिच्या मानेत लोखंडाची कांब घातली आहे. ती मान काचेत वाकली आणि हिने टॅब नाकापर्यंत आणला. तेव्हापासून रोज दुपारी, घरातली माणसं आपापल्या कामात असताना, दोघी पुलावर भेटायच्या. पूलही दोघींनी मिळून बांधला, हिच्या बाजूने ही, तिच्या बाजूने ती. एक शब्द नाही. बी, काच, लोकर, एकदा एक लंगडं मेंढरू. द्यायचं, घ्यायचं, मान वाकवायची. आयुष्यभर तोंडाने जे केलं त्याने सगळं मोडलं होतं. हे हातांनी चाललं होतं, म्हणून चाललं होतं.

आणि आता कंदील. दुसऱ्या दिवशी तिने टॅब उघडायचा नाही असं ठरवलं आणि उघडला. पिवळी टोपी पुलावर हजर. हातात सफरचंदांची टोपली. 'आली का मनधरणीला,' ही मनात म्हणाली, पण पुढे गेली, म्हटलं बघू. आणि त्या बाईने, डोळ्यांदेखत, टोपली हिच्या पायाशी टाकली. हातात दिली नाही, टाकली. भिकाऱ्यापुढेही माणूस असं टाकत नाही. सफरचंदं पुलावर पसरली, फळ्यांच्या फटींतून एक-दोन पाण्यात पडली, राहिलेली थोड्या वेळाने नाहीशी झाली. हिच्या डोळ्यांपुढे जिना आला, काळं मशीन आलं, हलती पाय-पट्टी आली.  पुलाच्या पहिल्या फळीवर दाबून धरलं की 'तोडायचा का?' असं विचारतं आणि खाली दोन खुणा येतात, एक हिरवी, एक लाल. वाचायची गरजच नव्हती. तिने अख्खा पूल तोडला. फळी फळी उचकटून पाण्यात सोडली, आणि प्रत्येक फळीबरोबर छातीत असं काही मोकळं होत गेलं की वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. पलीकडच्या काठावर पिवळी टोपी उभी होती. मग ती नव्हती. मग रोज बघितलं तरी ती नव्हती. तिच्या झाडांना कुणी पाणी घालत नव्हतं. एक पुढे एक मागे, सगळी पिवळी पडत चालली होती. ही आपल्या काठावरून बघायची, आणि बघते आहे याचाही तिला राग यायचा.

राग मग घरभर फिरला. पडदा नीट ओढला नाही म्हणून मुलाला बोलणी बसली. जिना झाडणाऱ्याला ऐकावं लागलं. समोर भोकं पाडणाऱ्याला तर ती खिडकी उघडून म्हणाली, "इमारत चाळण करून सोडणार आहेस का रे?" तो म्हणाला, "मावशी, फक्त दोन फळ्या लावायच्यात." फळ्या या शब्दाने तिने खिडकी धाडकन लावली. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तुझं काय बिनसलंय?" "माझं काही बिनसत नाही. माझ्याशी बिनसतं," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

अशाच एका दुपारी सून आतल्या खोलीतून बाहेर आली ती कानवाले गळ्यात अडकवून, तोंड एवढंसं करून. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. "काय झालं?" हिने विचारलं, काळजीने नाही, सवयीने. "लोक शिव्या देतायत आई. हजारो. आमचा नवीन पॅच गेला ना, त्याच्यामुळे." पॅच म्हणजे काय ते हिला ठाऊक होतं, चालू गेममध्ये वरून चढवतात ती दुरुस्ती, घरात दिवसातून दहादा तो शब्द कानावर पडायचा. "मग देऊ देत. दुरुस्तीने बिघडलं असेल तर देणारच." "बिघडलंच आहे. एकाने दुसऱ्याला काही दिलं, की हातात जातच नाही. खाली पडतं."

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं.

"खाली पडतं म्हणजे?"

"पडतं. समोरच्याच्या पायाशी. काही लोक देता-घेताना लबाडी करून एका वस्तूच्या दोन करत होते. ते थांबवायला आम्ही असं केलं, की देणाऱ्याच्या हातातून वस्तू आधी सुटायची, क्षणभर खाली टेकायची, मग घेणाऱ्याने उचलायची. नव्या फोनवर ते इतकं झटकन होतं की दिसतही नाही. पण जुन्या टॅबवर उचलण्याचा भाग पोचतच नाही. नुसतं खाली पडतं आणि राहतं. देणाऱ्याला वाटतं त्याने झिडकारलं, घेणाऱ्याला वाटतं त्याने फेकलं. लोकांची आपसात भांडणं लागलीत, दोस्त्या तुटल्यात." सून बोलता बोलता थांबली. तिने हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग सोफ्यावर पालथ्या पडलेल्या टॅबकडे. "आई? तुमच्याकडे पण...?"

"कुणी केलं हे?"

"आमच्या टीमने."

"टीम कुठे राहते? तिला हात-पाय आहेत का? कुणी केलं?"

"मी केलं," सून म्हणाली.

फ्रिज गुरगुरत होता. समोरचं भोकं पाडणं थांबलं होतं आणि त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, खरखरीत, उलट्या बाजूने हात फिरवलेल्या कापडासारखा. "बाहेर पाठवण्याआधी उलटा करून बघितला नाहीस?" "बघितला ना. शंभरदा बघितला. आमच्याकडे सगळ्यांकडे नवे फोन आहेत आई. जुना टॅब फक्त तुमच्याकडे होता, आणि या वेळी तुम्हाला विचारायचं राहिलं. घाई होती." सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हिला त्या पाण्याशी देणंघेणं नव्हतं. "घाई," ती म्हणाली. "तुमची घाई झाली आणि माझं भांडण झालं. कुणाला विचारून? मी माझ्या बहिणीशी भांडायचं की नाही, हे तुम्ही आतल्या खोलीत दार लावून ठरवणार? कंदील दिला होता मी तिला! माझ्या हाताने! तुमच्या त्या लबाडांना धरायचं तर त्यांना धरा, आमच्या हातातलं का पाडता?" "उद्या दुरुस्त होतंय आई, नवा पॅच चढवतोय." "आणखी एक!" "याने सगळं नीट होईल. देणं-घेणं पहिल्यासारखं. आणि खेळ हलका करायला ते मान वाकवणंही काढून टाकतोय, जुन्या टॅबना त्याचा भार होतो."

"कसलं मान वाकवणं?"

"वस्तू घेतली की बाहुली मान वाकवते ते. ते आपोआप होतं ना. सगळ्यांचंच."

ती हळूच खुर्चीवर बसली. आपोआप. म्हणजे धाकटीची ती मान, लोखंडाच्या कांबेची, वेणीच्या वेळची, काचेत वाकलेली, जिच्यासाठी हिने टॅब नाकापर्यंत आणला होता, ती धाकटीने वाकवलीच नव्हती. हिच्या सुनेच्या कंपनीने वाकवली होती. मायाही त्यांचीच आणि अपमानही त्यांचाच. मधल्या मध्ये या दोन म्हाताऱ्या काचेला नाकं लावून बसल्या होत्या. आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती ताडकन उठली. "म्हणजे माझीही?" "काय?" "माझीही वाकायची? तिने सफरचंदं दिली की मी... माझी ती... तिच्यापुढे वाकायची?" "हो आई. तुम्हाला स्वतःची पाठ दिसते ना खेळताना, म्हणून लक्षात आलं नसेल." इतके महिने! रोज दुपारी! ती थोरली, आणि धाकटीपुढे मान वाकवत होती, आणि तिला त्याची खबरही नव्हती. तिच्या मानेचा कुणी परस्पर सौदा केला होता. मानेवर हात ठेवून ती खोलीभर फिरली. संतापाने तिला कुठे उभं राहावं तेच कळेना. खिडकीशी गेली, तिथे जिन्याखालचा तो दिवा दिसला. मशीन त्याच्याखालीच ठेवलं होतं. हमालाने. तिने पाहिलं होतं ते हमालाला. धाकटीला मशीन टाकताना तिने पाहिलंच नव्हतं. पण मनाने कशी पटकन तिथे धाकटी उभी केली होती! जशी पुलावर केली. खाली पडलेली वस्तू दिसली, की पाडणारी तीच. हा विचार तिने तिथल्या तिथे परतवून लावला. धाकटीने मशीन परत पाठवलं होतं, त्यात खोटं काय होतं?

"फोन लाव तिला," ती म्हणाली.

"मावशींना? आत्ता?"

"मग काय तुझा पॅच चढल्यावर? लाव."

फोन बराच वेळ वाजला. मग खरखर झाली आणि एक आवाज आला, जाडसर झालेला, पण शेवटी वर जाणारा तोच. "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? पूल तोडणारी?"

सुनेने ओठ दाबून धरला. हिने तिच्याकडे पाठ केली. "आणि कंदील कुणी पाडला?" "मी? टोपली तू लाथाडलीस! चांगली निवडून आणली होती!" "ते यंत्राचं होतं. इथे सून सांगतेय, ते यंत्र बिघडलं होतं. देणाऱ्याच्या हातातून आपोआप पडत होतं."  मग धाकटी म्हणाली, "बरं. कंदील यंत्राने पाडला, टोपली यंत्राने पाडली. आणि पूल? तोही यंत्रानेच तोडला का गं ताई?"

ताई. किती वर्षांनी तो शब्द कानात गेला आणि गेला तोही असा, काट्यासारखा.  "पूल मी तोडला," ती म्हणाली. "मला राग आला होता." "तुला राग कधी नसतो?" "तूही काही कमी नाहीस. मशीन परत पाठवलंस ते? जिन्याखाली टाकून? आईचं मशीन!" "टाकून नाही," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "ठेवून. मी टेम्पोत बसले होते. तू खिडकीत दिसत होतीस. म्हटलं खाली येईल, विचारेल का परत आणलं म्हणून. मग सांगणार होते." "काय सांगणार होतीस?" "की मशीन देताना तू काय निरोप पाठवलास तो आठव. 'माझ्याकडे नवं आहे, हे तिच्या उपयोगाचं होईल.' जुनं झालेलं माणूस कामवालीला देतं तसं." "मी तसं नव्हतं म्हटलं." "म्हटलं होतंस." "म्हटलं असेल, तर तसं नव्हतं म्हटलं. आणि टेम्पोत बसायला काय झालं होतं? वर यायचं!" "तू खाली यायचं!" "मी थोरली!" "म्हणूनच!"  दोघींनाही दम लागला होता. फोनमधून तिला पलीकडची खोली ऐकू येत होती. घड्याळ, दूरचा हॉर्न, आणि नवरा गेलेल्या घराची एक शांतता, जिला ही तेव्हा चपला काढून ठेवून चुकवून बसली होती.

मग धाकटी अवघडून म्हणाली, "खरं सांगू ताई? मशीनचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. तू सफरचंदं घेतलीस ना पहिल्या दिवशी, आणि मान वाकवलीस. तेव्हाच. म्हटलं ताईने मान वाकवली. आता आणखी काय पाहिजे. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली." मग तिने विचारलं, "ती तूच वाकवलीस ना? का तेही यंत्राचंच होतं?"

सुनेचे डोळे मोठे झाले. तिने तोंड उघडलं. हिने बोट उगारून तिला तिथल्या तिथे खिळवलं. खोलीत उन्हाचा पट्टा टेबलावरून फरशीवर सरकला होता. खरं बोलायला एक शब्द पुरे होता, आणि त्या शब्दाने तिची ताठ मान तिला परत मिळाली असती. तिचा हात अजून मानेवरच होता. त्याखाली कांबेसारखं काहीतरी, आईने धाकटीच्या नावाने सांगितलेलं, पण निघालं बहुतेक हिच्याच अंगात. हात तिथेच ठेवून तिने ते हळूहळू वाकवलं. दुखलं. हनुवटी छातीला लागली.

"मीच वाकवली," ती म्हणाली. "यंत्राला काय कळतंय."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "माझी दिसायची तुला?"

"दिसायची की. रोज दिसायची."

"बरं," धाकटी म्हणाली. "नव्या फळ्या काढून ठेव. पलीकडून मी लावत येते."

फोन ठेवला तशी ती वळली. सून जागच्या जागी उभी होती, गळ्यातले कानवाले दोन्ही हातांनी धरून. ही सावकाश तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं, उद्याच्या पॅचमध्ये काय काढून टाकताय म्हणालीस?"

"मान... मान वाकवणं. पण आई, ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आणि..."

"सगळ्यांना सांग, टॅब जड झाला तरी चालेल," ती म्हणाली. "त्या मानेला हात लावून तर बघा."